शांत घराचं चित्र आणि पैठणचा रांजण



चितेगावच्या या व्याख्यानासाठी संयोजकांचा फोन आला. विचारलं, "सर, विषय काय लावू?" आम्ही म्हटलं, "एकोणिसाव्या शतकातलं डच घरगुती चित्र." पलीकडून थोडा वेळ काही ऐकूच आलं नाही. मग ते म्हणाले, "सर, आपल्याकडं लोक शेतातून येतात, नाहीतर कारखान्याच्या पाळीवरून. हॉलंडमधल्या घराचं त्यांना काय?"

प्रश्न रास्त आहे. आजचं सगळं बोलणं म्हणजे त्याचंच उत्तर आहे असं समजा. चितेगाव हे पैठणच्या रस्त्यावरचं गाव. या रस्त्याच्या एका टोकाला नाथांचं पैठण, दुसऱ्या टोकाला संभाजीनगर, आणि तिथून पुढे शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. आज आपण निघणार आहोत हॉलंडहून. वाटेत मुंबईला थांबू, अजिंठ्याला जाऊ आणि शेवटी पैठणला उतरू. वाट लांब आहे, पण सरळ आहे.

आधी पडद्यावरचं चित्र बघा. एक खोली आहे. डाव्या हाताला उंच खिडकी, तिच्यातून मऊ उजेड आत येतोय. खिडकीपाशी एक बाई मान खाली घालून काहीतरी शिवते आहे. कोपऱ्यात पाळणा. भिंतीवर एक तांब्याचं भांडं, त्याच्या कडेवर उजेडाची एक रेघ. फरशी स्वच्छ. बस्स. असं चित्र काही एकच नाही. एकोणिसाव्या शतकात हॉलंडमध्ये अशी चित्रं शेकड्यांनी झाली, दोनशे वर्षं आधीही शेकड्यांनी झाली होती. चित्रकार बदलतात. खिडकी, बाई, भांडं आणि शांतता मात्र तीच राहते.

यात घडतंय काय? काहीच नाही. त्याआधी युरोपात मोठं चित्र म्हणजे लढाई, राजाचा अभिषेक, येशूचं क्रुसावर जाणं. आपल्याकडेही चित्र म्हणजे देव, दरबार, शिकार. आणि इथे एक बाई शिवत बसलीय, आणि एवढ्यावर चित्र पूर्ण होतं. हे धाडस माणसाला कधी सुचतं? कोणत्या समाजाला सुचतं?

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा सौंदर्यशास्त्राच्या तासाला एक चित्र नेहमी दाखवायचो. पीटर द होख या चित्रकाराचं १६६३ सालचं. दोन बायका घडी केलेले कपडे कपाटात ठेवताहेत, दारापाशी एक मूल खेळतंय, दारातून पलीकडचा रस्ता दिसतोय. खाली चौकोनी फरशी, लखलखीत. आम्ही अवकाश, प्रकाश, दारातून दिसणारं दार, असं सगळं रंगून सांगत होतो. मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "सर, ही फरशी पुसली कोणी?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो. तासाचं टिपण तयार होतं ना! पण मंडळी, निवृत्तीनंतर आमच्या लक्षात आलं, की त्या तासाला खरा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर आम्ही दिलं नव्हतं. आज देण्याचा प्रयत्न आहे.

आमच्या टिपणात उत्तर होतं ते हेगेलचं. हेगेल हा जर्मन तत्त्ववेत्ता. त्यानं १८२०च्या दशकात बर्लिनमध्ये कलेवर व्याख्यानं दिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८३५ पासून, त्याच्या एका विद्यार्थ्यानं टिपणांवरून छापली. म्हणजे तीही एका अर्थी तुमच्या या मालिकेसारखीच, बोललेली आणि मग उतरवून घेतलेली. १८२२ मध्ये तो स्वतः हॉलंडला जाऊन आला होता. त्याच्या काळात पुष्कळ विद्वान म्हणायचे, की स्वयंपाकघर आणि खानावळ ही काय कलेचे विषय आहेत! हेगेलनं उलटा प्रश्न केला. हे घर त्या माणसांना मिळालं कसं, ते आधी बघा, म्हणाला.

आणि बघितलं तर काय दिसतं? ती जमीनच मुळी त्यांनी समुद्राकडून हिसकावून घेतली. बांध घातले, पवनचक्क्या लावून पाणी उपसलं. मग स्पेनच्या राजाशी ऐंशी वर्षं लढाई केली, १५६८ ते १६४८. इतकं झाल्यावर जे घर उभं राहिलं, त्याच्या खिडकीतला उजेड त्यांना साधा वाटलाच नाही. तो कमावलेला होता. हेगेलचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्या लोकांनी आपलं जग स्वतःच्या हातांनी उभं केलं, त्यांना त्यातल्या लहानात लहान गोष्टीकडे प्रसन्नपणे बघता येतं. खोलीतली शांतता ही स्वातंत्र्याची खूण आहे.

हे उत्तर आम्ही तीस वर्षं शिकवलं. आजही ते मोलाचं वाटतं. पण ते अपुरं आहे. दोन जागी अपुरं आहे.

पहिली जागा घराबाहेरची. सतराव्या शतकातली डच समृद्धी नुसत्या बांधांवर उभी नव्हती, जहाजांवरही उभी होती. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, १६३७ पासून. तिचे अवशेष आजही उभे आहेत. एकोणिसाव्या शतकात तर जावा बेटावर डच सरकारनं १८३० पासून सक्तीच्या पिकांची पद्धत लावली. शेतकऱ्यानं जमिनीचा ठराविक भाग सरकारला हव्या त्या पिकाखाली आणायचा: कॉफी, ऊस, नीळ. १८५०च्या दशकात डच सरकारच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथून येत होता. १८६० मध्ये मुल्तातुली या टोपणनावाच्या डच लेखकानं 'माक्स हावेलार' ही कादंबरी लिहून हे चव्हाट्यावर आणलं. हा माणूस स्वतः जावामध्ये सरकारी नोकरीत होता. तेव्हा त्या काळच्या चित्रात शांत घर असेल आणि टेबलावर कॉफीचं भांडं असेल, तर त्या कॉफीची पेरणी बघायला चित्राच्या चौकटीबाहेर जावं लागतं.

आणि एकोणिसाव्या शतकातल्या त्या शांततेत आणखी एक गोष्ट मिसळली होती. ती म्हणजे आठवण. १८६६ मध्ये तोरे नावाच्या फ्रेंच समीक्षकानं व्हरमीर या जवळजवळ विसरलेल्या चित्रकाराला लेख लिहून पुन्हा उजेडात आणलं. जुन्या डच घराची युरोपभर ओढ लागली. शहरांत रेल्वे येत होती, गिरण्या येत होत्या, आणि चित्रकार मात्र जुन्या खोल्या शोधत खेड्यांकडे निघाले होते. सगळेच गोडवा शोधत होते असंही नाही. योझेफ इस्राएल्स यानं कोळ्यांच्या झोपड्यांतलं दारिद्र्य आणि दुःख रंगवलं. त्याला फार मानणारा एक तरुण होता व्हॅन गॉग. त्यानं १८८५ मध्ये एका दिव्याभोवती बटाटे खात बसलेलं शेतकरी कुटुंब रंगवलं. त्यातले हात बघा. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात आहेत, हे दिसावं अशी त्याची धडपड होती. 'फरशी पुसली कोणी' या प्रश्नाच्या जवळ गेलेलं डच चित्र कोणतं असं विचारलं, तर आम्ही हे दाखवू. त्यात फरशी चमकत नाही.

आता मुंबईला येऊ.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. तीच आपली जे. जे. तिथे १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स हा इंग्रज शिक्षक आला. त्याला अजिंठ्यानं वेड लावलं. १८७२ पासून १८८५ पर्यंत तो आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला आणि लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेत राहिला. आपला हा मुलूख तेव्हा निजामाचा. मुंबईची पोरं निजामाच्या राज्यात येऊन अंधाऱ्या लेण्यांत उभी राहून भिंती उतरवून घेत होती. त्या श्रमांचं पुढे काय झालं तेही ऐका. लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ मध्ये आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं बसून केलेल्या प्रतिकृती १८६६ च्या आगीत गेल्या होत्या. शेवटी ग्रिफिथ्सचे दोन मोठे ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाले.

या विद्यार्थ्यांत एक पारशी तरुण होता, पेस्तनजी बोमनजी. जन्म १८५१, मृत्यू १९३८. अजिंठ्याच्या प्रतिकृतींच्या कामात त्याचा मोठा वाटा. त्याच काळात, १८८२ मध्ये, त्यानं एक तैलचित्र केलं, 'फीडिंग द पॅरट'. पोपटाला खाऊ घालणारी पारशी बाई. घराच्या आतला शांत क्षण, दुसरं काही नाही. चित्रकलेचे अभ्यासक त्याच्या असल्या चित्रांची नाळ डच चित्रांशी जोडतात, आणि ते बरोबर आहे. पोपटाला खाऊ घालणारी बाई हा विषयच मुळात डच. सतराव्या शतकात फ्रान्स व्हान मीरिस यानं १६६३ मध्ये आणि कास्पर नेट्शर यानं १६६६ मध्ये तो रंगवला होता.

मग काय, नक्कल झाली? असं म्हणणारे पुष्कळ निघाले. पुढे कलकत्त्याच्या बाजूनं हॅवेलसारख्या लोकांनी टीका केली, की हे सगळं परकं वळण आहे, खऱ्या हिंदी आत्म्याचं नव्हे. त्या एका शब्दाखाली मुंबईची दोन पिढ्यांची चित्रकला झाकून गेली. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा आम्हालाही हेच शिकवलं गेलं.

पण जरा पोपटाकडे बघा. डच चित्रात पोपट म्हणजे दूरदेशाहून जहाजानं आणलेला महागडा पक्षी. ज्याच्या घरी पोपट, त्याच्या घरी पैसा. बाईच्या अंगावरच्या रेशमासारखीच ती श्रीमंतीची खूण. तोच विषय मुंबईला आला आणि त्यातला परदेशच गळून पडला. इथे पोपट पिंपळावर बसतो, पेरू खातो, शेजारच्या घरी नाव घेऊन हाका मारतो. जी गोष्ट तिथे अपूर्वाईची, ती इथे रोजची झाली. चित्राचा साचा तोच, अर्थ बदलला. याला नक्कल म्हणणं म्हणजे भाजीला फक्त कढईवरून नाव देणं.

आता अजिंठ्याकडे वळू, कारण पेस्तनजींच्या डोळ्यांत तेही होतं. अजिंठ्यात घराचा आतला भाग आहे का? आहे! खांबांचे मंडप, मंचक, दासी, आरसा हातात घेतलेली सतराव्या लेण्यातली राजस्त्री. पहिल्या लेण्यात राजा महाजनक राणीशेजारी बसलेला. सोळाव्या लेण्यात नंदाची बायको सुंदरी, नवरा भिक्षू झाल्याचं कळून कोसळलेली. किती कोमल काम आहे ते! पण एक गोष्ट ध्यानात घ्या. महाजनक उठून जाणार आहे. नंद गेलेला आहे. विश्वंतर बायकोपोरांसह वनवासाला निघणार आहे. अजिंठ्यातलं घर सुंदर आहे ते सोडण्यासाठी. त्याचं सौंदर्य जितकं जास्त, तितका त्याग मोठा.

डच खोलीत कुणी कुठे जात नाही. ते घर राहण्यासाठी आहे. म्हणजे पेस्तनजीसारखा तरुण दिवसा गृहत्यागाची चित्रं उतरवत होता आणि परत येऊन गृहस्थाश्रमाची चित्रं काढत होता. आमच्या मते एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुलखाचा सगळा पेच या एका माणसाच्या दोन कामांत दिसतो. घर ही सोडण्याची वस्तू की राहण्याची? मोक्षाच्या आड येणारी की माणूसपणाची जागा?

आणि हा पेच नुसता तत्त्वज्ञानातला नव्हता. तारखा बघा. चित्र १८८२ चं. त्याच १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध पुण्याला छापला गेला. बुलढाणा म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराच्या पलीकडे. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचं, अर्भकहत्येबद्दल तिला झालेल्या फाशीच्या शिक्षेचं. ताराबाई पेटून उठल्या आणि सगळे दुर्गुण बायकांच्याच अंगी का चिकटवता, असा थेट जाब त्यांनी विचारला. दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, रखमाबाईंवर मुंबईच्या कोर्टात दावा लागला. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठेपणी नवऱ्याच्या घरी जायला त्यांनी नकार दिलेला. पहिल्या न्यायाधीशानं त्यांची बाजू घेतली. १८८७ मध्ये निकाल फिरला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या! १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, दहाचं वय बारा झालं, आणि त्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या.

म्हणजे ज्या दहा वर्षांत आपल्याकडे घराच्या आत काय चालतं यावरून कोर्ट, छापखाना आणि सभागृह पेटलं होतं, त्याच दहा वर्षांत आपले चित्रकार घराची शांत चित्रं काढायला शिकत होते. हेगेलची फूटपट्टी इथे चालत नाही, ती ही दुसरी जागा. हेगेल म्हणतो, घर आपलं झालं की माणूस ते शांतपणे रंगवतो. इथे देश आपला नव्हता. आणि घर तरी कुणाचं होतं, हाच वाद चालू होता. जाता जाता हेही सांगायला हवं, की हेगेलच्या मते हिंदुस्थानला इतिहासच नव्हता. अजिंठा १८१९ मध्ये इंग्रजांच्या नजरेस पडला. हेगेल वारला १८३१ मध्ये, ती चित्रं न पाहताच. तेव्हा त्याची फूटपट्टी वापरावी, पण टेकून बसू नये.

मग आपली शांत चित्रं खोटी का? घाई करू नका. आणखी एक चित्र बघू.

महादेव विश्वनाथ धुरंधर, कोल्हापूरचे, जन्म १८६७. १८९० मध्ये जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि एक्केचाळीस वर्षं तिथेच रमले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे'. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना १८९५ मध्ये मिळालं. ज्या चित्राला मिळालं त्याचं नाव होतं 'हॅव यू कम, लक्ष्मी?'. मराठीत म्हणा, 'लक्ष्मी, आलीस का?'

हा प्रश्न हॉलंडच्या कुठल्याही चित्राला नाव म्हणून देता येणार नाही. तो आपल्या घरातच विचारला जातो. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा आपल्या मराठवाड्यात काय करतात? उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं काढायची, एकीनं मुखवटा हातात घेऊन यायचं, दुसरीनं विचारायचं, लक्ष्मी कशाच्या पावलांनी आली? आणि उत्तर द्यायचं, सोन्याच्या, मोत्याच्या. मग तिला घरभर फिरवून कोठी दाखवायची, चूल दाखवायची, दागिने दाखवायचे. आता इथे बसलेल्या बायकांना विचारा, आदल्या दिवशी सगळं घर सारवलं कुणी, पुसलं कुणी? हे चित्राचं नाव वाचलं आणि आम्हाला पहिल्यांदा वाटलं, की साचा जरी परका असला तरी घराचा आवाज या चित्रांत शिरला होता. चित्र गप्प असतं. नाव बोलतं.

उजेडाचंही सांगतो, कारण तोही इतिहासच आहे. डच घराला रस्त्याच्या अंगाला उंच काचेच्या खिडक्या. बाई खिडकीपाशी बसते आणि चित्रकाराला उजेड आयता मिळतो. आपला वाडा आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेला. उजेड वरून पडणार, चौकात. माजघराला खिडकी नाही, असला तर झरोका. स्वयंपाकघर धुरानं काळं. बाईचा सगळा दिवस जिथे जातो तिथे चित्रकाराला दिसण्याइतका उजेडच नाही! मग चित्रात ती दिसते कुठे? ओसरीवर, दारात, देवघरापाशी, नाहीतर दिवा हातात घेतलेली. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, जलरंगातलं, १९४५-४६ च्या सुमाराचं. लोक ते खुशाल रविवर्म्याच्या नावावर खपवतात. त्यातली दिवा झाकून धरणारी बाई म्हणजे हळदणकरांची स्वतःची मुलगी. चित्रात उजेड तिच्या हातातला, बाकी सगळा अंधार. ते चित्र बघताना आम्ही हल्ली आधी तिच्या मनगटाकडे बघतो. वडील रंगवत होते तोवर तो दिवा कुणीतरी धरून उभं होतं.

आता शेवटचा टप्पा, पैठण. मघाशी म्हटलं, की आपल्याकडे घराचा पेच होता, सोडावं की राहावं. त्याचं एक उत्तर पैठणला सोळाव्या शतकातच दिलं गेलं होतं. एकनाथ महाराज गृहस्थ होते. गिरिजाबाई, मुलं, पाहुणे, जेवणावळी, कीर्तन आणि लेखन, सगळं एका वाड्यात. त्या वाड्याची एक कथा तुम्हाला पाठ आहे. श्रीखंड्या नावाचा पोऱ्या नाथांच्या घरी बारा वर्षं राहिला. कावडीनं गोदावरीचं पाणी आणायचा, रांजण भरायचा. एके दिवशी कळलं, की तो द्वारकेचा कृष्ण होता. आणि कळलं तोवर तो निघून गेला होता. तो रांजण आजही पैठणला आहे. नाथषष्ठीला लोक रांगा लावून त्यात पाणी ओततात.

मंडळी, आम्ही इतिहास म्हणून ही कथा सांगत नाही. पण लोकांनी ती चारशे वर्षं सांभाळली, हा इतिहास आहे. आणि तिच्यात काय सांभाळलं ते बघा. एका प्रसिद्ध, विद्वान, शांत घरात पाणी कुठून येत होतं, हा प्रश्न लोकांनी विचारला. रांजण भरलेला असतो, तर तो भरतो कोण? आमच्या वर्गातल्या मुलीचा तोच प्रश्न! आणि लोकांनी उत्तर दिलं, की जो भरतो तो देव आहे, आणि घरात असेपर्यंत तो ओळखू येत नाही. जनाबाईबरोबर दळणारा विठ्ठल हाही त्याच जातीचा. आमच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत घरकामावर एक प्रकरण सापडत नाही. ते कथांत सापडतं, आणि ओव्यांत.

जात्यावरच्या ओव्यांची आठवण आम्ही शेवटी ठेवली होती. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे अंधारात, त्याच बिनखिडकीच्या खोलीत, बाई गात होती. माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, सीता, दुष्काळ. चित्रकाराला जिथे उजेड मिळाला नाही तिथे आवाज होता. आणि पुढे बायका लिहायला लागल्या तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला नाव काय दिलं? 'स्मृतिचित्रे'. चित्रे! त्यात घर आहे, भांडी आहेत, सोवळं आहे, फजिती आहे. शांतता फारशी नाही.

तर संयोजकांच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. शांत घराचं चित्र, डच असो की मुंबईचं, खोटं नसतं. पण ते अर्धं असतं. उरलेलं अर्धं शेजारी ठेवल्याशिवाय ते वाचता येत नाही. डच खोलीशेजारी जावाचा मळा ठेवा आणि फरशी पुसणारी मोलकरीण ठेवा. पेस्तनजींच्या पोपटाशेजारी ताराबाईंचा निबंध ठेवा, दोन्ही १८८२ चे. धुरंधरांच्या लक्ष्मीशेजारी आपल्या घरच्या महालक्ष्म्यांची आदली रात्र ठेवा. असं केलं म्हणजे चित्राची किंमत कमी होते असा आमचा अनुभव नाही. उलट ती बाई मान वर करेल की काय असं वाटायला लागतं.

ती विद्यार्थिनी आता कुठे असते, ठाऊक नाही. त्या दिवशी तिला पुढच्या बाकावर बोलवायला हवं होतं. उद्या तुमच्या घरातल्या कुणी असाच हात वर केला, तर टिपण बाजूला ठेवा.

आणि पैठणला जाल तेव्हा रांजणाला नमस्कार कराच, पण घरी आल्यावर माठात पाणी कुणी भरलंय तेही बघा. आम्ही बघायला उशिरा शिकलो. सत्तरी ओलांडल्यावर हल्ली सकाळचा माठ आम्ही भरतो. निम्मं पाणी फरशीवर सांडतं. पुसावंही आम्हालाच लागतं.